महाधमनीची मोठी शस्त्रक्रिया आणि मेरुरज्जूचे रक्षण : विदर्भातील रुग्ण व नातेवाइकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ अशा जिल्ह्यांतल्या खेड्यांतून महाधमनीच्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरला किंवा त्याहून दूरच्या शहराला येणारी कुटुंबे शस्त्रक्रियागृहाबाहेर जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एका भूलतज्ज्ञाच्या नजरेतून दिली आहेत. हे वाचन डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी नाही. डॉक्टरांशी होणारे बोलणे नेमके व्हावे, एवढाच त्याचा उपयोग.

शस्त्रक्रिया छातीतल्या आणि पोटातल्या रक्तवाहिनीची आहे, मग पाय जाण्याची भीती कशासाठी?

हृदयातून निघालेली महाधमनी छातीतून खाली, पाठीच्या कण्याला लागूनच पोटात उतरते. वाटेत तिच्या मागच्या भिंतीतून दोन्ही बाजूंना लहान लहान शाखांच्या जोड्या फुटतात. छातीत त्या बरगड्यांच्या मधून जातात आणि पोटात कमरेच्या मणक्यांकडे वळतात. या शाखांचे काही धागे कण्याच्या आत शिरून मेरुरज्जूला रक्त पोहोचवतात. मेरुरज्जू म्हणजे मेंदूकडून हातापायांकडे, मूत्राशयाकडे आणि गुदद्वाराकडे जाणाऱ्या सर्व आज्ञांची मुख्य वाट. महाधमनीचा फुगलेला भाग कापून तेथे कृत्रिम नळी शिवताना वरून आणि खालून क्लॅम्प, म्हणजे रक्तप्रवाह रोखणारा चिमटा, लावावा लागतो, आणि तेवढ्या वेळेपुरत्या त्या पट्ट्यातल्या शाखा कोरड्या पडतात. चेतापेशींना रक्ताविना फार वेळ तग धरता येत नाही. शरीराचे तापमान नेहमीचे असेल आणि रक्षणाचा कोणताही उपाय केला नसेल, तर सुमारे ३० मिनिटांनंतर धोका झपाट्याने वाढू लागतो.

मेरुरज्जूच्या पुढच्या बाजूने एक आणि मागच्या बाजूने दोन अशा तीन उभ्या धमन्या जातात. पुढची एकटी धमनी रज्जूचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग पोसते आणि हालचालीच्या आज्ञा याच भागातून जातात. छातीच्या खालच्या भागात या धमनीला सर्वात मोठा पुरवठा करणारी शाखा अॅडमकिविझ या पोलिश वैद्यकतज्ज्ञाने १८८०च्या दशकाच्या आरंभी वर्णिली आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. बहुतेक माणसांत ती डाव्या बाजूने, छातीच्या आठव्या-नवव्या मणक्यापासून कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापर्यंत कोठून तरी निघते. नेमकी कोठून, हे प्रत्येकात वेगळे असते आणि सारी अडचण तेथेच आहे.

ही भीती नवी नाही. महाधमनी दाबली की प्राण्याचे मागचे पाय लुळे पडतात, हे स्टेनो या शरीरशास्त्रज्ञाने १६६७ मध्येच दाखवले होते.

गावात याला लकवा म्हणतात. हा तोच का?

नाही. लकवा किंवा अर्धांगवायू बहुधा मेंदूच्या रक्तवाहिनीत अडथळा आल्याने होतो आणि शरीराची एक बाजू जाते. मेरुरज्जूला इजा झाली तर दोन्ही पाय एकदम अशक्त किंवा निर्जीव होतात, लघवी अडते किंवा आपोआप होते, शौचावरचा ताबा जातो; हात आणि बोलणे मात्र बहुधा शाबूत राहते. महाधमनीच्या शस्त्रक्रियेत मेंदूच्या झटक्याचाही धोका असतो, पण तो वेगळा आहे आणि त्याची चर्चा वेगळी करावी.

एक वाट बंद झाली तर रक्त दुसऱ्या वाटेने येत नाही का?

येते, आणि आजचे बहुतेक उपाय या एकाच गोष्टीवर उभे आहेत. पूर्वी असे मानत की अॅडमकिविझची धमनी वाचली तर पाय वाचले आणि ती गेली तर पाय गेले. अलीकडच्या काळात, विशेषतः न्यू यॉर्कचे शल्यचिकित्सक रँडल ग्रीप आणि त्यांचे सहकारी ख्रिश्चन एट्झ यांच्या कामामुळे, हे चित्र बदलले. मणक्यांभोवतीच्या स्नायूंत आणि कण्याच्या आत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. त्याला वरून मानेजवळच्या धमन्यांतून, मधून बरगड्यांच्या शाखांतून आणि खालून कटीभागातल्या धमन्यांतून रक्त मिळते. एक तोंड बंद झाले की दुसऱ्या तोंडाने आलेले रक्त त्या जाळ्यातून फिरून पोहोचू शकते.

भंडारा-गोंदियाच्या धान शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. तलावातून सुटलेले पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरत जाते. एका धुऱ्याचे तोंड बुजले तर शेजारच्या बांधीतून वळसा घेऊन पाणी येते, पण त्याला दोन अटी असतात : वरच्या बाजूला पाण्याची पातळी पुरेशी हवी, आणि खालची बांधी आधीच तुडुंब नको. मेरुरज्जूचेही अगदी असेच आहे. वरची पातळी म्हणजे रक्तदाब आणि खालच्या बांधीत साचलेले पाणी म्हणजे रज्जूभोवतीच्या मेरुद्रवाचा दाब. पुढच्या बऱ्याच उत्तरांत या दोन पातळ्या पुन्हा पुन्हा येतील.

धोका नेमका किती आहे? डॉक्टर आकडा का सांगत नाहीत?

एकच आकडा सर्वांना लागू पडत नाही, म्हणून. महाधमनीचा किती लांबीचा भाग बदलायचा आहे, यावर धोका सर्वाधिक अवलंबून असतो. ह्यूस्टनचे शल्यचिकित्सक स्टॅन्ले क्रॉफर्ड यांनी छाती-पोटातल्या फुगवट्यांचे चार प्रकार पाडले आणि ही वर्गवारी आजही जगभर वापरली जाते. छातीच्या वरच्या भागापासून पोटाच्या खालपर्यंत जवळजवळ सर्व महाधमनी बदलावी लागते तो दुसरा प्रकार सर्वात धोक्याचा. बहुतांशी पोटापुरता मर्यादित असलेला चौथा प्रकार सर्वात कमी धोक्याचा.

१९९३ मध्ये त्यांच्या गटाने १,५०९ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात पाय पूर्ण जाणे किंवा अशक्त होणे मिळून प्रमाण सुमारे १६ टक्के होते. त्याच शहरातून जोसेफ कोसेली यांच्या गटाने २०१६ मध्ये ३,३०९ शस्त्रक्रियांचा अहवाल दिला. त्यात कायमचा पक्षाघात २.९ टक्के आणि पायांची कायमची अशक्तता २.४ टक्के रुग्णांत आढळली. मधल्या काळात रक्षणाचे उपाय एकावर एक रचत गेल्याचा हा परिणाम आहे. हे आकडे मात्र जगातल्या सर्वात अनुभवी केंद्रांपैकी एकाचे आहेत. तेच प्रत्येक रुग्णालयाला लागू होतील असे समजणे चूक ठरेल. आपल्या रुग्णालयाचा स्वतःचा अनुभव विचारण्याचा अधिकार तुम्हाला आहे.

फुगवटा फुटल्यावर घाईने करावी लागणारी शस्त्रक्रिया, महाधमनीचे थर नुकतेच विलग झालेले असणे, पूर्वी पोटातल्या महाधमनीची शस्त्रक्रिया झालेली असणे, मूत्रपिंडे कमकुवत असणे आणि शस्त्रक्रियेदरम्यान रक्तदाब फार काळ खाली राहणे, या गोष्टी धोका वाढवतात.

कमरेत नळी कशासाठी घालतात?

हा प्रश्न सर्वात जास्त वेळा येतो, म्हणून उत्तर थोडे लांब आहे.

मेरुरज्जू एका बंद पिशवीत, पाण्यासारख्या स्वच्छ मेरुद्रवात बुडालेला असतो. प्रौढ माणसाच्या शरीरात हा द्रव साधारण १५० मिलिलिटर असतो, दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर नवा तयार होतो आणि तेवढाच शोषला जातो. महाधमनीला क्लॅम्प लागला की वरच्या अर्ध्या शरीरातला दाब चढतो, शिरांमधला दाब वाढतो आणि त्याबरोबर मेरुद्रवाचाही दाब वाढतो. खालच्या अर्ध्या शरीरात मात्र धमन्यांचा दाब कोसळतो. म्हणजे रक्त ढकलणारी पातळी खाली आणि त्याला अडवणारी पातळी वर, असे दुहेरी संकट एकाच वेळी येते.

मेरुरज्जूत रक्त शिरते ते या दोहोंच्या फरकावर. सरासरी रक्तदाब ९० आणि मेरुद्रवाचा दाब १० असेल तर रज्जूला ८० मिळतात. रक्तदाब ६० वर घसरला आणि द्रवाचा दाब २० वर गेला तर उरतात फक्त ४०. येथे सरासरी रक्तदाब म्हणजे वरचा किंवा खालचा आकडा नव्हे. १२०/८० असा दाब असलेल्या माणसाचा सरासरी दाब सुमारे ९३ येतो. कमरेतली बारीक नळी द्रव थोडा थोडा बाहेर काढून अडवणारी पातळी १० च्या आसपास ठेवते.

ही कल्पना १९६२ मध्ये ब्लेसडेल आणि कूली या शल्यचिकित्सकांनी प्राण्यांवर तपासली होती. माणसांत तिचा सबळ पुरावा २००२ मध्ये आला. कोसेली यांच्या केंद्रात १४५ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली गेली. नळी न घातलेल्या गटात १३ टक्के रुग्णांच्या पायांना इजा झाली आणि नळी घातलेल्या गटात २.६ टक्के रुग्णांच्या. शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात इतका स्पष्ट फरक सहसा दिसत नाही.

नळी बहुधा दोन ते तीन दिवस ठेवतात. काढण्यापूर्वी ती काही तास बंद करून पायांची ताकद पाहतात आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या ठीक असल्याची खात्री करतात. द्रव किती निघतो यावर ताशी १० ते १५ मिलिलिटरची मर्यादा घालतात, कारण तो भराभर निघून गेला तर मेंदू खाली ओढला जाऊन त्याच्या आवरणाखाली रक्तस्राव होऊ शकतो. म्हणूनच खाटेची उंची कोणीही बदलू नये, रुग्णाला परस्पर उठवून बसवू नये आणि नळीच्या खुंटीला हात लावू नये. रुग्णाला बरे वाटावे म्हणून प्रेमाने उशी उंच करून देणारा नातेवाईक येथे नकळत मोठे नुकसान करून बसतो.

कमरेत सुई टोचली की जन्मभर कंबर दुखते, असे गावात सांगतात. खरे काय?

सिझेरियनच्या वेळी कमरेत घेतलेल्या इंजेक्शनमुळे कंबर कायमची गेली, अशी समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. टोचलेल्या जागी काही दिवस दुखू शकते, पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीची कारणे बहुधा वेगळी असतात : बाळंतपण, वाकून केलेली रोवणी आणि निंदणी, डोक्यावरचे ओझे. मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपतो आणि नळी त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामधून घालतात. सुई प्रत्यक्ष रज्जूत जाऊ नये म्हणूनच ही जागा निवडलेली असते.

धोके आहेत, ते लपवू नयेत. तीव्र डोकेदुखी, द्रवात जंतुसंसर्ग, कण्यात किंवा डोक्यात रक्तस्राव हे क्वचित घडते, पण घडते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आधीच सांगणे म्हणूनच अत्यावश्यक आहे. गोळ्यांची नावे पाठ नसतील तर रिकामी पाकिटे पिशवीत घालून आणावीत. त्या स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नयेत.

शस्त्रक्रिया चालू असताना आणखी काय काय करतात?

क्लॅम्पच्या खालच्या भागाला रक्त मिळत राहावे म्हणून हृदयाच्या डाव्या बाजूतून शुद्ध रक्त घेऊन पंपाने ते जांघेतल्या धमनीत सोडले जाते. त्यामुळे कटीभागातून जाळ्यात रक्त शिरत राहते, आणि मूत्रपिंडे व आतडीही वाचतात. क्लॅम्प एकदम सर्व लांबीवर न लावता टप्प्याटप्प्याने खाली सरकवतात, म्हणजे एका वेळी थोड्याच शाखा कोरड्या राहतात.

थंडावा हे दुसरे मोठे साधन. शरीराचे तापमान एका अंशाने उतरले की पेशींची प्राणवायूची गरज साधारण ६ ते ७ टक्क्यांनी कमी होते. पंपाच्या पद्धतीत तापमान ३२ ते ३४ अंशांवर ठेवतात. काही गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांत शरीर १८ ते २० अंशांपर्यंत थंड करून रक्ताभिसरण काही काळ पूर्ण थांबवावे लागते. रज्जूला ते मानवते, पण रक्त गोठण्याची क्रिया आणि फुप्फुसे यांना त्याची किंमत मोजावी लागते. काही केंद्रांत कण्याच्या आवरणाबाहेर गार द्रव सोडून फक्त रज्जू थंड करण्याची पद्धतही वापरली गेली आहे.

महत्त्वाच्या शाखा, विशेषतः छातीच्या आठव्या ते बाराव्या मणक्याच्या पातळीवरच्या, नव्या कृत्रिम नळीला पुन्हा जोडल्या जातात. प्रत्येक शाखा जोडत बसणे शहाणपणाचे नाही, कारण त्यात वेळ जातो आणि वेळ हाच येथे शत्रू आहे. उघड्या शाखेतून रक्त उलटे वाहून जात असेल तर ती पटकन बंद करणे अधिक हिताचे ठरते, नाहीतर जाळ्यातलेच रक्त बाहेर गळत राहते. कोणती जोडायची आणि कोणती शिवून टाकायची, हा निर्णय त्या क्षणी शल्यचिकित्सकाचा असतो.

रुग्ण बेशुद्ध असताना पाय ठीक आहेत हे कसे कळते?

डोक्याच्या त्वचेवरून मेंदूला सूक्ष्म विद्युत्-इशारा देऊन पायाच्या स्नायूंत प्रतिसाद येतो का, हे पाहिले जाते. प्रतिसाद मंदावला तर रक्तदाब चढवणे, मेरुद्रव काढणे किंवा एखादी शाखा तातडीने जोडणे असे उपाय तेथल्या तेथे करता येतात. याला 'शॉक देणे' समजून काही कुटुंबे घाबरतात. त्याचा मानसिक आजारातल्या उपचाराशी काहीही संबंध नाही. या तपासणीसाठी स्नायू सैल करणारी औषधे आम्हाला बेताने द्यावी लागतात, त्यामुळे भूल देणाऱ्याचे काम थोडे अवघड होते. ही सोय प्रत्येक रुग्णालयात असतेच असे नाही.

आमच्या घरात सिकलसेल आहे. तो सांगायलाच हवा का?

सर्वात आधी तोच सांगावा. पूर्व विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि काही अनुसूचित जातींच्या कुटुंबांत, सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे, आणि या शस्त्रक्रियेत जे जे केले जाते त्यातले बरेचसे सिकलसेलच्या रक्ताला न मानवणारे आहे. थंडावा, प्राणवायूची कमतरता, क्लॅम्पखालच्या भागात साचलेले आम्ल आणि रक्तप्रवाह मंदावणे, या सर्वांमुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबू शकतात. रज्जूचे जाळे बारीक रक्तवाहिन्यांचेच आहे, हे लक्षात घेतले की धोका उमजतो.

ज्यांचा पॅटर्न एएस आहे, म्हणजे जे केवळ वाहक आहेत, त्यांना आयुष्यभर त्रास झालेला नसतो आणि म्हणून ते सांगतही नाहीत. त्यांची शस्त्रक्रिया बहुधा सुरळीत होते, पण फार खोल थंडावा टाळणे, प्राणवायू आणि शरीरातले पाणी भरपूर राखणे ही काळजी आधीच आखावी लागते. एसएस रुग्णांत, म्हणजे ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे त्यांच्यात, शस्त्रक्रियेपूर्वी रक्त बदलून दोषयुक्त हिमोग्लोबिनचे प्रमाण साधारण ३० टक्क्यांच्या खाली आणण्याचा विचार केला जातो. शस्त्रक्रियेत सांडलेले रक्त धुऊन परत देणाऱ्या यंत्राचा वापरही अशा रुग्णांत जपून करावा लागतो.

गावात तपासणी शिबिरात मिळालेले कार्ड घरी पेटीत पडून असते आणि रुग्ण त्याविना शहरात येतो, हे नेहमीचे चित्र आहे. कार्ड नसेल तर साधी विद्राव्यता चाचणी काही मिनिटांत होते आणि पक्के निदान इलेक्ट्रोफोरेसिसने करता येते. आमच्या भागातल्या प्रत्येक महाधमनीच्या रुग्णाची ही तपासणी विचारल्याशिवाय व्हावी, असे माझे मत आहे.

छाती न उघडता जांघेतून स्टेंट बसवला तर पायांचा धोका राहत नाही ना?

राहतो. कापडाचे आवरण असलेला स्टेंट महाधमनीच्या आतून बसवला की फुगवटा रक्तापासून वेगळा होतो, पण त्या लांबीतल्या सर्व लहान शाखांची तोंडेही आतून झाकली जातात आणि त्या नंतर जोडता येत नाहीत. क्लॅम्प लागत नाही, रक्त कमी जाते, छातीवर मोठी जखम होत नाही, हे फायदे खरे आहेत. जितकी जास्त लांबी झाकली जाते तितका धोका वाढतो. डाव्या हाताची मुख्य धमनी झाकावी लागणार असेल तर तिला आधी मानेतल्या धमनीपासून वेगळी वाट करून देतात, कारण तिच्यातून रज्जूच्या वरच्या भागाला रक्त जाते.

लांब भाग झाकायचा असेल तर काम दोन टप्प्यांत, मध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवून करतात. या अवधीत जाळ्यातल्या उरलेल्या वाटा रुंदावतात. पुन्हा एकदा गावाहून यायचे, राहायचे, मजुरी बुडवायची याचा कुटुंबाला त्रास होतो हे मान्य. पण दुसरी तारीख हे रुग्णालयाने केलेले चालढकलीचे काम नव्हे, तो रक्षणाचाच भाग आहे. पहिल्या टप्प्यानंतर बरे वाटू लागल्यामुळे दुसरी तारीख चुकवू नये, कारण अर्धवट झाकलेला फुगवटा मधल्या काळातही फुटू शकतो.

शस्त्रक्रियेनंतर बाबांनी पाय हलवले. आता भीती संपली ना?

नाही, आणि ही गोष्ट प्रत्येक नातेवाइकाने नीट समजून घ्यावी असे मला वाटते.

शुद्धीवर येताच पाय न हलणे हा इजेचा एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात रुग्ण शुद्धीवर येतो, पाय व्यवस्थित हलवतो, चहा मागतो, आणि मग काही तासांनी, काही दिवसांनी, क्वचित काही आठवड्यांनीही पाय जड पडू लागतात. शस्त्रक्रियेनंतर रज्जू केवळ जाळ्यातून येणाऱ्या रक्तावर तगून असतो. अशा वेळी रक्तदाब घसरला, हिमोग्लोबिन उतरले, प्राणवायू कमी पडला किंवा सुजेमुळे मेरुद्रवाचा दाब वाढला, तर काठावर असलेला रज्जू पलीकडे ढकलला जातो.

यातली आशेची बाजू अशी की उशिरा आलेली अशक्तता लगेच ओळखली तर बऱ्याचदा परतवता येते. रक्तदाब चढवला जातो, नळीतून मेरुद्रव काढून दाब आणखी कमी केला जातो, नळी काढून टाकली असेल तर पुन्हा घातली जाते, प्राणवायू आणि गरजेप्रमाणे रक्त दिले जाते. या सर्वाचा उपयोग पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो. म्हणून अतिदक्षता विभागातील परिचारिका रात्रभर दर तासाला उठवून पाय उचलायला सांगतात. झोपमोड होते म्हणून रुग्ण चिडतो आणि नातेवाईकही तक्रार करतात. ती तक्रार कृपया करू नये.

पाहताना एक चूक टाळावी. पायाला हात लावल्याचे कळते, म्हणजे पाय ठीक आहे, असे नसते. स्पर्शाच्या काही वाटा रज्जूच्या मागच्या भागातून जातात आणि त्याला दुसऱ्या धमन्यांतून रक्त मिळते. त्यामुळे पुढचा भाग गेलेला असूनही स्पर्श कळू शकतो. प्रश्न विचारायचा तो 'कळते का' असा नव्हे. गुडघा सरळ ठेवून पाय गादीवरून वर उचलायला सांगावे, आणि दोन्ही पाय वेगवेगळे पाहावेत. कालच्यापेक्षा पाय कमी उचलला जात असेल तर पाच मिनिटेही वाट न पाहता सांगावे.

आधी रक्तदाब कमी करा म्हणत होते, आता वाढवून ठेवतात. हे उलटे का?

शस्त्रक्रियेपूर्वी फुगवटा फुटू नये म्हणून दाब कमी ठेवायचा असतो. शस्त्रक्रियेनंतर तो भाग बदललेला असतो आणि रज्जू जाळ्याच्या भरवशावर असतो, म्हणून वरच्या बांधीतली पातळी उंच ठेवायची असते. सरासरी दाब बहुधा ८० ते १०० च्या दरम्यान ठेवतात. टाके आणि उरलेली महाधमनी यांना तो कितपत सोसेल हे पाहून डॉक्टर नेमका आकडा ठरवतात.

याच कारणाने घरून आणलेली बीपीची जुनी गोळी रुग्णाला गुपचूप देणे फार घातक आहे. वीस वर्षांपासून घेतो म्हणून एक दिवसही चुकू नये, या चांगल्या हेतूने हे घडते.

घरी गेल्यावर काय सांभाळावे?

पहिले काही आठवडे रक्तदाब अचानक घसरू नये, एवढे धोरण ठेवावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा उन्हात अंगातले पाणी आटले आणि त्यावर बीपीच्या गोळ्या चालू असल्या तर दाब सहज खाली येतो. जुलाब-उलट्या झाल्या तर गोळ्यांबाबत त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. निर्जळी उपवास या काळात करू नयेत. एकादशी पुढच्या वर्षीही येणार आहे. मोहफुले वेचायला किंवा तेंदूपत्त्याला जाण्याची घाई करू नये. घरी बीपी मोजण्याचे यंत्र असेल तर उत्तम, नसेल तर आशाताईंना किंवा उपकेंद्रात सांगून ठेवावे, आणि कोणत्या आकड्याखाली दाब गेला तर कळवायचे तो आकडा सुटीच्या कागदावर डॉक्टरांकडून लिहून घ्यावा.

पाय जड वाटले, चालताना गुडघा लचकला, लघवी अडली, तर सकाळची एसटी पकडू म्हणून थांबू नये. त्याच वेळी १०८ ला फोन करावा, रुग्णाला आडवे ठेवावे आणि शस्त्रक्रिया जेथे झाली तेथे कळवावे. गावातल्या डॉक्टरांना हा प्रकार ठाऊक असेलच असे नाही. त्यांना सुटीचा कागद दाखवून 'महाधमनीची शस्त्रक्रिया झाली आहे, पायांची ताकद आत्ता कमी झाली आहे' इतके स्पष्ट सांगावे. घर फार आत, नदीनाल्यापलीकडे असेल आणि पावसाळ्यात रस्ता तुटत असेल, तर पहिले काही आठवडे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी नातलगांकडे राहणे शक्य आहे का, याचा विचार आधीच करावा.

पाय गेलेच तर सुधारणा होते का?

काहींत होते. थोडी हालचाल शिल्लक असेल तर पुढच्या आठवड्यांत आणि महिन्यांत ताकद वाढू शकते; पहिल्या क्षणापासून दोन्ही पाय पूर्ण निर्जीव असतील तर आशा कमी असते. त्या काळात रुग्णाचे प्राण वाचवते ती साधी शुश्रूषा : दर दोन तासांनी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे, लघवीची नळी स्वच्छ राखणे आणि रोजचा व्यायाम. मांत्रिक, तेल-मालीश आणि शेक यांपासून दूर राहावे. ज्या पायाला चटका कळत नाही त्याला शेक दिल्याने भाजून खोल जखमा होतात.

लहान मुलांच्या महाधमनीच्या शस्त्रक्रियेतही हा धोका असतो का?

जन्मतः महाधमनी अरुंद असलेल्या मुलांत तो फार कमी असतो. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत १२,५३२ शस्त्रक्रियांमागे ५१ रुग्णांत, म्हणजे सुमारे ०.४ टक्के प्रमाणात, रज्जूला इजा आढळली. अशा मुलांत वर्षानुवर्षांच्या अडथळ्यामुळे पर्यायी वाटा आधीच रुंद झालेल्या असतात.

खर्रा आणि बिडी शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत चालेल का?

चालणार नाही. बिडीमुळे फुप्फुसे खराब होतात आणि शस्त्रक्रियेनंतर प्राणवायू कमी पडतो. त्याचा फटका रज्जूला बसतो. खर्ऱ्यात धूर नसला तरी तंबाखू आहेच. शक्य असेल तर किमान चार ते सहा आठवडे आधी दोन्ही बंद करावे. भेटायला येणाऱ्यांनी खिशातून पुडी आणून देऊ नये, हेही येथेच सांगतो.

खर्चासाठी शासकीय योजना लागू होते का?

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातच गडचिरोली आणि अमरावती हे जिल्हे त्यात होते. आता ती आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली असून दर कुटुंबाला दर वर्षी ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. आपली नेमकी शस्त्रक्रिया, विशेषतः आवरणाचा स्टेंट, त्यात बसतो का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून लेखी घ्यावे. रक्तासाठी नातेवाइकांनी आधीच तयारी ठेवावी.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना काय विचारावे?

आमच्या रुग्णाचा प्रकार कोणता, महाधमनीचा किती भाग बदलणार किंवा झाकणार, आणि तुमच्याकडे अशा किती शस्त्रक्रिया होतात, हे विचारावे. कमरेतली नळी घालणार का आणि घालणार नसाल तर का नाही, हेही विचारावे. कधी कधी न घालण्याचे कारण योग्य असते, पण ते ऐकून घ्यावे. फुगवटा फुटून रुग्ण आलेला असेल तर यातल्या कशालाही वेळ नसतो आणि तेव्हा लगेच सही करणे हेच बरोबर. वेळ हाताशी असेल तर मी स्वतः आणखी एक प्रश्न विचारीन : रात्री दोन वाजता पाय जड पडले, तर मेरुद्रवाची नळी हाताळू शकणारा माणूस तेव्हा रुग्णालयात असेल का, आणि तो खाटेपर्यंत किती मिनिटांत पोहोचेल?